खडा सवाल : स्टोनवाल्यांची पत्रं

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेले की भूशास्त्राच्या वर्गात कुणी 'स्टोन' म्हटलं की मी त्याला उभं करायचे आणि 'रॉक' म्हणायला लावायचे. तेवढ्या एका वाक्यावर अशी दगडफेक होईल असं वाटलं नव्हतं. हा इंग्रजी शब्द ज्याला जिथे आडवा आला, त्याने तो उचलून माझ्या दारात आणून टाकला. विहिरीच्या पाण्याचे आणि अंगणातल्या मुरमाचे नेहमीचे प्रश्न पुढच्या महिन्यात घेते. हा अंक स्टोनवाल्यांचा.

प्रश्न : बाई, आमचे जावई इंग्लंडात लीड्सला असतात. परवा फोनवर म्हणाले, "वजन अकरा स्टोन चारवर आलं." मुलगी खूश, जावई खूश, आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. हे वजन वाढलं म्हणायचं की घटलं? (ठाणे)

'आलं' म्हणाले आणि मुलगी खूश आहे, म्हणजे घटलं. एक स्टोन म्हणजे 14 पौंड, म्हणजे 6.35 किलो. अकरा स्टोन चार म्हणजे 158 पौंड. आपल्या काट्यावर साधारण पावणेबहात्तर किलो. उंची बरी असेल तर काळजीचं कारण नाही.

तिथे किराणा ग्रॅम-किलोत मिळतो, मांस-मच्छी किलोत मिळते, 1985च्या कायद्याने स्टोन हे माप व्यापारातून बादही झालं. पण माणूस स्वतःचं वजन सांगायला लागला की तोंडातून स्टोनच येतो. अमेरिकेत मात्र हे माप कुणाला कळणार नाही, तिथे नुसते पौंड.

आता हा 14चा आकडा आला कुठून? लोकरीतून. खऱ्याखुऱ्या दगडाने माल तोलायचा म्हटल्यावर प्रत्येक बाजाराचा दगड वेगळा असणार, तसा तो होताही. लंडनच्या खाटकांचा स्टोन 8 पौंडांचा, काचवाल्यांचा 5 पौंडांचा. पण मध्ययुगातल्या इंग्लंडचा खरा पैसा लोकरीत होता आणि लोकरीवर राजाचा कर होता. कर घ्यायचा तर माप एक हवं. म्हणून चौदाव्या शतकात, तिसऱ्या एडवर्डच्या काळात, लोकरीचा स्टोन 14 पौंडांचा आणि असे 26 स्टोन मिळून लोकरीचं एक पोतं, असं ठरलं. पुढे 1835च्या कायद्याने तोच लोकरीचा स्टोन सगळ्या देशाला लागू झाला. तुमच्या जावयांना लोकरीच्या मापाने तोलतात, हे त्यांना अवश्य कळवा.

हसू नका, आपलंही काही वेगळं नव्हतं. सरकारी मण 37 किलोंच्या वर होता आणि मुंबईचा जुना बाजारी मण 28 पौंडांचा, म्हणजे पुरा तेरा किलोही नाही. नाव तेच, पण मुंबईचा मण सरकारी मणाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढा भरायचा. मात्र 28 पौंड म्हणजे बरोबर दोन स्टोन होतात! अशा 20 मणांची खंडी. कापसाची खंडी मात्र 28 मणांची धरायचे, म्हणजे 784 पौंड. ही खंडी अजून जिवंत आहे. विदर्भात, खानदेशात रुईचे भाव आजही खंडीवर सांगतात आणि ती खंडी 356 किलोंची असते. कापूस पिकवणाऱ्यांनीसुद्धा मला कधीकधी विचारलंय, हा 356 असला कसला वेडावाकडा आकडा? 784 पौंडांचे किलो करून बघा, 355.6 येतात. आणि स्टोनमध्ये मोजलंत तर बरोबर 56, वर-खाली काही नाही. यवतमाळचा शेतकरी आणि लीड्सचा जावई असे एका काट्यावर येतात.

एक बारकावा राहिला. इंग्रज माणूस वजन सांगताना 'अकरा स्टोन' म्हणतो, 'स्टोन्स' म्हणत नाही. स्टोन्स म्हटलंत तर खिशात अकरा धोंडे आहेत असा अर्थ होईल.

प्रश्न : मी बारावीत आहे. निबंधात एकदा 'रॉक' आणि एकदा 'स्टोन' लिहिलं म्हणून आमच्या सरांनी गुण कापले. दोन्हींचा अर्थ दगडच ना? (नाशिक)

गुण कापायचं कारण नव्हतं, पण दोन्हींचा अर्थ दगड नाही. मराठीतच बघ. आपण खडकावर बसतो आणि दगड उचलतो. 'मी खडक उचलून भिरकावला' असं लिहिलंस तर मीही गुण कापीन. जमिनीला धरून असतो तो खडक, सुटा होऊन माणसाच्या हाताशी आला की तो दगड. ब्रिटिश इंग्रजीत रॉक आणि स्टोनचं नातं साधारण हेच आहे. अमेरिकन मुलगा मात्र खुशाल रॉक उचलून फेकतो.

आम्ही भूशास्त्रवाले फक्त 'रॉक' म्हणतो, कारण खडक कसा बनला, कधी बनला, कशाचा बनला एवढंच आम्हाला हवं असतं. त्याचं पुढे काय करायचं ते तुम्ही ठरवा. कुणाला तरी त्या खडकाचा उपयोग सापडला की तो स्टोन होतो. बांधायला, तोलायला, अंगठीत बसवायला, मारायला. आपल्या गवंड्यांकडेही हा शब्द नेमका तेवढ्याच अर्थाने आला. घराची फरशी म्हणजे 'कोटा स्टोन', पण शेजारच्या टेकडीला कुणी स्टोन म्हणत नाही. कोटा स्टोन राजस्थानातल्या कोट्याचा, शहाबादी कर्नाटकातल्या शहाबादची, आणि ओट्यावरचा काळा कडप्पा आंध्रातल्या त्याच नावाच्या जिल्ह्यातला. आमच्या वहीत हे तिन्ही चुनखडक. एकाच नावाची तीन बिलं बघून घरमालकाचं समाधान होणार नाही, म्हणून दुकानात तीन नावं.

मुंबईला राजाबाई टॉवर बघितलास तर त्याचा पिवळसर दगड कुर्ल्याचा आहे, 'कुर्ला स्टोन'. ज्या खाणींतून तो आला, तिथे आता इमारती उभ्या आहेत. खडक संपला, स्टोन उरला.

सॅंडस्टोन, लाइमस्टोन, मडस्टोन ही नावं आम्हीही घेतो, ते मान्य. ती आम्ही ठेवलेली नाहीत. ती जुन्या खाणकामगारांची आहेत, आम्ही आयती उचलली. ग्रॅनाइट, बेसॉल्ट यांना असलं शेपूट नाही, ते बघून ठेव. परीक्षेत येत नाही, पण शोभून दिसतं.

प्रश्न : माझ्या मिस्टरांचा स्टोन पडला. डॉक्टरांनी तो तपासायला पाठवला. रिपोर्टमध्ये 'कॅल्शियम ऑक्झलेट मोनोहायड्रेट' आलं आहे आणि पुढे कंसात 'व्हेवेलाइट'. डॉक्टर घाईत होते. हे काय असतं? अळू बंद करायचं का? (सांगली)

घरातल्या माणसाचे हाल झाले असताना असं म्हणू नये, पण हे पत्र वाचून मला आनंद झाला. व्हेवेलाइट हे आमच्या शास्त्रातलं नाव आहे. मुतखड्याच्या रिपोर्टवर ते दिसलं की पाहुणा म्हणून गेलेल्या घरी आपल्याच गावचा माणूस भेटल्यासारखं वाटतं.

व्हेवेलाइट हे जमिनीतही सापडणारं खनिज आहे. ते दगडी कोळशाच्या थरांत मिळतं, कारण मुळात वनस्पतींच्या अवशेषांशी त्याचा संबंध. नाव पडलं विल्यम व्हेवेल या केंब्रिजच्या पंडितावरून. 1830च्या दशकात 'सायंटिस्ट' हा शब्द घडवला तो याच गृहस्थांनी. तोवर इंग्रजीत शास्त्रज्ञाला धड नावच नव्हतं. एवढं मोठं काम केलं आणि नाव शेवटी मुतखड्याला लागलं!

याचं भावंड म्हणजे वेडेलाइट. तेही कॅल्शियम ऑक्झलेटच, फक्त पाण्याचे रेणू जास्त. लघवीच्या तपासणीत सूक्ष्मदर्शकाखाली पत्राच्या पाकिटासारखे चौकोनी स्फटिक दिसतात, ते बहुतेक याचे. याचं नाव अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रावरून आलं, कारण त्या समुद्राच्या तळाच्या गाळात ते मिळालं. तिसरा आहे स्ट्रुव्हाइट, जंतुसंसर्गामुळे होणारा खडा. हा 1845 साली जर्मनीत हॅम्बुर्गमध्ये मिळाला, तोही शतकानुशतकांच्या शेणा-कचऱ्याने भिजलेल्या जमिनीत. वटवाघळांच्या विष्ठेतही तो तयार होतो. मूत्रपिंडात जे घडतं ते रसायनाच्या नजरेने पाहिलं तर खाणीत घडतं त्याहून फार वेगळं नाही. पाण्यात विरघळलेलं द्रव्य जास्त झालं, पाणी कमी पडलं, की स्फटिक धरतात. अजिंठ्याच्या बाजूला बेसॉल्टच्या पोकळ्यांमध्ये पांढरे-गुलाबी स्फटिक मिळतात ना, तेही झिरपलेल्या पाण्याचंच काम. फरक वेळेचा. आणि दुखण्याचा.

डॉक्टर मंडळी 'भरपूर पाणी प्या' म्हणतात, त्यामागे हेच आहे.

आता अळू. अळूच्या देठाने, सुरणाने घसा खवखवतो तो त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांनी. सूक्ष्मदर्शकाखाली त्या जुडीने बांधल्यासारख्या दिसतात. आपल्या आज्या अळूत चिंच नाही तर आंबटचुका घालत आल्या त्या याच खाजेवर. तेव्हा तुमची शंका अगदी योग्य जागी आहे. पण कुणी काय आणि किती खायचं, हे खडा, लघवी आणि रक्त तिन्हींचे आकडे बघून ठरतं, आणि ते ठरवायला मी डॉक्टर नाही. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना प्रश्न कागदावर लिहून न्या, म्हणजे घाई त्यांना असली तरी तुम्हाला नसेल.

खडा टाकून देणार असाल तर महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला द्या. मिस्टरांची परवानगी घेऊन.

प्रश्न : हिवाळी ऑलिंपिकमध्ये बर्फावर दगड सरकवून पुढे झाडू मारण्याचा खेळ दाखवतात. तो दगड संगमरवरी असतो का? आपल्या सह्याद्रीचा चालणार नाही का? (महाड)

तो खेळ म्हणजे कर्लिंग. संगमरवर तिथे एक सामनाही टिकायचा नाही. तो मऊ असतो, आपटला की टवका उडतो. कर्लिंगच्या दगडाला तर दुसऱ्या दगडावर आपटण्यातच जन्म काढायचा असतो. वजनाचा नियम 17.24 ते 19.96 किलोंचा आहे, म्हणजे सिमेंटचं पोतं उचलणाऱ्याला फारसं नाही, पण अंगावर सरकत आलं तर पुरेसं.

ऑलिंपिकचे दगड येतात ते एल्सा क्रेग नावाच्या एका बेटावरून. स्कॉटलंडच्या पश्चिमेला, क्लाइडच्या खाडीच्या तोंडाशी, समुद्रातून उभा घुमट वर आलेला आहे. वस्ती नाही, फक्त पक्षी. बेलफास्ट ते ग्लासगो बोटीच्या प्रवासात हे बेट साधारण निम्म्या वाटेवर लागतं, म्हणून त्याला 'पॅडीज माइलस्टोन' म्हणतात. पॅडी म्हणजे कामधंद्यासाठी स्कॉटलंडला येणारा आयरिश माणूस. अख्खं बेट मैलाचा दगड!

हा घुमट मायक्रोग्रॅनाइटचा आहे, म्हणजे ग्रॅनाइटच, पण कण इतके बारीक की नुसत्या डोळ्यांना वेगवेगळे दिसू नयेत. त्यात रिबेकाइट नावाचं निळसर खनिज आहे. वय सुमारे सहा कोटी वर्षं, म्हणजे आपल्या दख्खनच्या लाव्ह्याहून थोडं कमी. बेटावर दोन दगड मिळतात. 'कॉमन ग्रीन' आघात सोसतो, म्हणून अंग त्याचं. 'ब्लू होन' पाणी जवळपास शोषतच नाही, म्हणून बर्फाला टेकणारा भाग त्याचा. पाणी शोषणारा दगड असेल तर ते पाणी आत गोठतं, फुगतं आणि कणाकणाने पृष्ठभाग उडवतं. तळही सपाट नसतो. खालून तो खोलगट असतो आणि एक अरुंद कडं तेवढं बर्फाला लागतं. बर्फावरही आधी पाण्याचे थेंब शिंपडून पुरळ उठवलेलं असतं. कडं त्या पुरळावरून सरकताना घरघर होते, त्यावरून याला 'रोअरिंग गेम' म्हणतात. दगड घडवण्याचं काम मॉकलिन गावातला एक कारखाना 1851पासून करतो आहे. बेटावर पक्ष्यांची वसाहत असल्याने वाटेल तेव्हा जाऊन सुरुंग लावता येत नाहीत. अधूनमधून जायचं, सुटे झालेले मोठे धोंडे बोटीत घालून आणायचे आणि ते वर्षानुवर्षं पुरवायचे.

सह्याद्रीचं म्हणाल तर आपला बेसॉल्ट टणक आहे, पाटा-वरवंटा, जातं सगळं त्याचंच. पण लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे आत अडकतात, पुढे त्या पोकळ्यांत दुसरी खनिजं भरतात. महाडहून वरंधा घाट चढताना कापलेल्या दरडी बघा, पांढरे ठिपके दिसतील. असा ठिपका आपटायच्या कडेवर आला की तिथेच टवका. एकसंध काळा पाषाणही मिळतो म्हणा, तेव्हा कुणाला हौस असेल तर करून बघावं. बर्फ मात्र तुम्हाला आणावा लागेल.

प्रश्न : आम्ही देवगडचे आंबा बागायतदार. परदेशी पाठवायच्या मालाच्या कागदात 'स्टोन' नाही, अशी खात्री मागितली आहे. वजन वाढवायला आम्ही पेटीत दगड भरतो असं यांना वाटतं काय?

रागावू नका, स्टोन म्हणजे इथे कोय. आंबा, पीच, जर्दाळू, आलुबुखार या फळांच्या आत कठीण कवच असतं, त्याला ब्रिटिश इंग्रजीत स्टोन म्हणतात. तुमच्या कागदात पुढे 'वीव्हिल' असा शब्द असणार. तो वाचायचा राहिला. कोयीतला भुंगा आहे का, एवढंच त्यांना विचारायचंय.

प्रश्न मात्र पोकळ नाही. या भुंग्याची अळी कोवळ्या फळातून कोयीत शिरते आणि आत वाढते. वरून आंबा निर्मळ दिसतो, कापल्यावरसुद्धा गर चांगलाच असतो. अशी कोय परदेशात गेली, कुणी ती परसात टाकली, की भुंगा तिथला रहिवासी झाला. फळमाशीची आणि या भुंग्याची धास्ती घेऊनच अमेरिकेने आपला आंबा बरीच वर्षं अडवून धरला होता. 2007 साली वाट उघडली ती लासलगावच्या विकिरण केंद्रामुळे. मुळात कांद्यासाठी उभारलेलं ते अणुऊर्जा खात्याचं केंद्र. तिथे आंब्याला किमान 400 ग्रे इतका गॅमा किरणांचा मारा देतात. त्याने भुंगा तिथल्या तिथे मरेलच असं नाही, पण त्याची पुढची पिढी होत नाही. आंबा किरणोत्सारी होत नाही, हेही सांगून ठेवते, कारण पुढचं पत्र तेच येणार. कुठल्या देशाला कोणती प्रक्रिया लागते ते कृषी पणन मंडळाकडून लेखी घ्या, व्यापाऱ्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

प्रश्न : सराफ म्हणाला, 'हा स्टोन आहे, हिरा नाही.' मग हिरा स्टोन नसतो का? (पुणे)

असतो. इंग्रजी बोलणारा जवाहिऱ्या लाखाच्या हिऱ्यालाही स्टोनच म्हणेल. आपल्या बाजारात मात्र स्टोनचा सेट, स्टोनची साडी म्हणजे खोटं, असं ठरून गेलंय. तुमचा बहुधा 'अमेरिकन डायमंड' असेल. तो डायमंड नाही आणि अमेरिकनही नाही. झिर्कोनियमचा ऑक्साइड वितळवून त्याचे मोठाले स्फटिक काढायची रीत 1970च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञांनी बसवली. आकाराने हिऱ्याएवढाच असला तर तो हिऱ्यापेक्षा दीडपटीहून जड भरतो. सराफाने खरं सांगितलं, त्याला धन्यवाद द्या.

प्रश्न : वाईला आमच्या जुन्या वाड्यात परसदारी धुण्याचा म्हणून एक दगड आहे. रंगाने फिकट पिवळा-करडा, अतिशय गुळगुळीत, चार बोटं जाड. यंदा पालथा केला तर खालच्या अंगाला उलटी देवनागरी अक्षरं! पणजोबांचा छापखाना होता असं ऐकून आहे. हा कसला दगड?

पहिली गोष्ट, त्याच्यावर धुणं बंद करा. दुसरी, अक्षरांवर लिंबू, चिंच, फरशी साफ करायचं ॲसिड यांतलं काहीही लावू नका. तुम्ही सांगता तसाच असेल तर तो शिळाछापाचा दगड आहे. यात सुट्या अक्षरांचे खिळे जुळवायचे नसत. चुनखडकाच्या गुळगुळीत लादीवर तेलकट शाईने उलटं लिहायचं, दगड ओला करायचा. ओल्या भागाला छपाईची शाई लागत नाही, तेलकट अक्षरांना लागते. अलोइस झेनेफेल्डर या जर्मन नाटककाराने आपली नाटकं स्वस्तात छापता यावीत म्हणून अठराव्या शतकाच्या अखेरीस ही युक्ती काढली. मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1831 साली मराठी पंचांग छापलं ते शिळाछापावरच. मोडी आणि वळणदार बाळबोध छापायला हे फार सोयीचं होतं, लेखकूने लिहिलं तसंच उमटायचं.

यासाठी उत्तम दगड बव्हेरियातल्या सोल्नहोफेनचा समजला जाई आणि तो जगभर जायचा. तो इतक्या बारीक कणांचा आहे की 1861 साली त्या खाणीत एका पिसाचा ठसा सापडला, त्याच वर्षी पक्ष्यासारख्या प्राण्याचा सांगाडाही. त्याचं शास्त्रीय नाव 'आर्किऑप्टेरिक्स लिथोग्राफिका', म्हणजे छापण्याच्या दगडातला. तुमचा दगड तिथलाच आहे की इथलाच कुठला, हे पत्रावरून सांगता येणार नाही.

कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका, सकाळच्या तिरप्या उन्हात अक्षरांचा फोटो घ्या, मोबाइलमध्ये तो उलटा करून वाचा. पंचांग निघालं तर शक वाचायला मिळेल. मग भारत इतिहास संशोधक मंडळात फोटो घेऊन जा आणि त्यांनी काय सांगितलं ते मला कळवा. पणजोबांच्या छापखान्याचं नाव वाचता आलं तर तेही.